बिनकडेचं चाक

मोनोंगाहेला नदीच्या काठी, पोलादाच्या गिरणीमागे,
त्रेचाळीसच्या जानेवारीत
बाप्ये लढाईवर गेले म्हणून
मला इंजिनं पुसायला घेतलं.
एक पिंप चिंध्या, एक डबा रॉकेल
आणि सायरस पेटवे नावाचा म्हातारा.
तो म्हणाला, "पोरी, आधी मोजायला शीक."

मोजायची ती चाकं.
पुढची किती, जोर लावणारी किती, मागची किती.
प्रवासी गाडीच्या इंजिनाला पुढे चार बारकी असतात,
वळण हुंगत जाणारी,
मग ती उंच, नखरेल, माणसाच्या डोक्याच्या वर.
"ती इथं येत नाहीत," सायरस म्हणाला,
"चुकून आली तर थांबत नाहीत."

यार्डातली आमची सगळी शून्यानं सुरू होणारी.
शून्य-सहा-शून्य, रिकाम्या वाघिणी
या रुळावरून त्या रुळावर नेणारं, बडबडं.
शून्य-आठ-शून्य, त्याची तीन होती,
एक कायम आजारी.
आणि शून्य-दहा-शून्य, नंबर चारशे सात,
खनिजानं भरलेल्या चाळीस वाघिणी
मागून रेटत उंचवट्यावर चढवणारं.
ते निघालं की आमच्या स्वयंपाकघरातल्या कपबश्या बोलायच्या.

"पण शून्य कशाला मोजायचं?"
"पुढे वाट दाखवायला कुणी नाही,
मागे टेकायला कुणी नाही.
जेवढं वजन, तेवढं सगळं कामाला."
तो आमच्या घरी कधी आला नव्हता.

आम्ही पाच भावंडं.
वासिल, ओलेना, मी, मित्रो, यूल्का.
बाबा भट्टीवर गेले तेव्हा यूल्का पाळण्यात होती.
वासिल सिसिलीच्या वाटेवर कुठेतरी,
ओलेना यंग्सटाउनला, नवऱ्याच्या आईकडे.
धाकटी दोघं शाळेत.
आईला इंग्रजी वाचता येईना,
म्हणून कोळशाचं बिल, दूधवाला, पाद्री,
आणि पुढे जूनमध्ये आली ती तार,
सगळं माझ्या हातात.

एका रात्री खड्ड्यात उतरून चारशे सात पुसताना
बोटांना कळलं, की तिसऱ्या चाकाला कडाच नाही.
बाकी चौघांची कडा रुळाला आतून धरून,
हे आपलं सपाट, ताटलीसारखं.
मी धावत फोरमन लिंडक्विस्टकडे गेले,
"साहेब, घासून गेलंय! घसरेल!"
आठवडाभर सगळं शेड हसत होतं.

सायरस हसला नाही.
"पाचही जणांनी रूळ धरून ठेवला
तर एवढं लांब धूड वळणार कसं?
अडेल, आणि रुळावरून उतरेल.
म्हणून मधल्याला मोकळं सोडतात.
ते धरत नाही. नुसतं टेकतं."
"मग ते हवं कशाला?"
त्यानं कंदील वर केला.
दट्ट्याकडून येणारा तो मोठा दांडा
नेमका तिसऱ्या चाकालाच जोडलेला.
धक्का आधी त्याला बसतो.
मग ते बाकीच्यांना वाटतं.

पुढच्या पाळीला त्यानं मला
साखळीच्या गोदामाजवळच्या तिखट वळणावर उभं केलं.
चारशे सात किंचाळत आलं,
आणि मी वाकून पाहिलं,
तिसरं चाक रुळाच्या बाहेर डोकावत होतं,
दोन बोटं, फार तर तीन.
पलीकडे खडी होती, वाळलेलं गवत होतं.
सरळ रूळ आला तसं ते आत आलं.

सेहेचाळीसच्या मार्चमध्ये
मी पिट्सबर्गच्या स्टेशनावर जाऊन
क्लीव्हलँडचं तिकीट काढलं.
एकेरी.
बाकावर बसून अंड्याचं सँडविच खाल्लं.
गाडी आली. तिच्या इंजिनाची पुढची बारकी चाकं मी मोजली. चार.
कुणी मला अडवलं नाही.
कुणी बोलावलंही नाही.

रात्रपाळीला वेळेवर हजर होते.
सायरसनं माझ्या चांगल्या बुटांकडे पाहिलं
आणि चिंध्यांचं पिंप पुढे सरकवलं.
चारशे सात उभं होतं, अजून गरम.
त्या दिवशी मी पुढून सुरुवात केली नाही.